खुल्या वहीची रुजुवात

पैसे दिले असे एकाने शपथेवर सांगावे आणि ते पोचलेच नाहीत असे दुसऱ्याने तितक्याच निश्चयाने म्हणावे, हा तंटा देवघेवीइतकाच जुना आहे. आणि ज्याच्या कोठडीत वही, त्याच्या बाजूने त्याचा निवाडा, असाच प्रघात दीर्घकाळ चालत आला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जमलेल्या कुणब्यांनी सावकारांकडे कर्जरोखे आणि खातेवह्या मागितल्या व हाती लागले ते कागद जाळले, त्यामागे केवळ दारिद्र्याचा संताप नव्हता; आपण भरलेला वसूल त्या वहीत जमा धरला गेला की नाही, हे पाहण्याची सोयच नसलेल्या माणसांची ती असहायता होती. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने सावकाराने पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, असे बंधन घातले. वहीचे एक पान ऋणकोच्या हाती येण्यासाठी सरकारला कायदा करावा लागला, ही गोष्ट मला आजही विचार करण्याजोगी वाटते.

३ जानेवारी २००९ रोजी जिचे पहिले पान लिहिले गेले, ती बिटकॉइनची वही या पार्श्वभूमीवर पाहावी. ती कोणा एकाच्या कोठडीत नाही. जगभर विखुरलेल्या हजारो संगणकांवर तिच्या तंतोतंत प्रती आहेत, सुमारे दर दहा मिनिटांनी तिला एक नवे पान, म्हणजे ब्लॉक, जोडले जाते, आणि जुन्या पानावरील नोंद खोडू पाहणाऱ्याला त्यानंतरची सारी पाने पुन्हा लिहिण्याचे अशक्यप्राय श्रम पडतात. कूटचलनाच्या सट्ट्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे आणि ते बदलण्याचे कारण मला अद्याप दिसलेले नाही. परंतु ज्या वहीत धनको, ऋणको आणि तिऱ्हाईत या तिघांनाही सारखेच डोकावता येते, ती वही आपल्या परस्परविश्वासाचे काय करते, हा प्रश्न सट्ट्याहून निराळा आणि अधिक गंभीर आहे.

समजा, पुण्यातील एका चित्रकाराने परदेशातील गिऱ्हाइकासाठी काम केले, मोबदला बिटकॉइनमध्ये ठरला, आणि महिनाअखेर गिऱ्हाईक म्हणते ‘पाठवले’ व चित्रकार म्हणतो ‘आले नाहीत’. अशा वेळी मागायचा तो मोबाइलचा स्क्रीनशॉट नव्हे, कारण चित्र कोणालाही बनवता येते. मागायचा तो ट्रान्झॅक्शन आयडी, म्हणजे अंक आणि रोमन अक्षरे मिळून चौसष्ट खुणांची ती एक लांबलचक ओळ. ती कोणत्याही ब्लॉक एक्स्प्लोररवर, म्हणजे ही वही वाचून दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, घातली की नोंद समोर येते: व्यवहार एखाद्या ब्लॉकमध्ये रुजू झाला आहे, की शुल्क अपुरे ठेवल्यामुळे अजून ताटकळत आहे, रुजू झाला असल्यास त्यावर आणखी किती ब्लॉक चढले आहेत (व्यवहाराचा स्वतःचा ब्लॉक धरून सहा झाले म्हणजे रक्कम पक्की, असा व्यवहारातला संकेत आहे), आणि कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर किती गेले. येथे पुष्कळांची एक गफलत होते. अर्ध्या बिटकॉइनच्या शिलकेतून दोन शतांश द्यायचे असले तरी ती शिल्लक सबंध मोडावी लागते, आणि उरलेली रक्कम, शुल्क वजा जाता, देणाऱ्याच्याच दुसऱ्या पत्त्यावर परत येते. पाचशेची नोट देऊन सुटे परत घ्यावेत, तसे. पण पाहणाऱ्याला दिसते ते इतकेच की आपल्याला दोन शतांश मिळाले आणि त्याच्या कितीतरी पट रक्कम कोणा अनोळखी पत्त्यावर गेली. आणि तो लबाडीची ओरड करतो.

याच्या उलटही घडते. चित्रकाराने दिलेला पत्ता त्याच्या स्वतःच्या वॉलेटचा नसून एखाद्या एक्स्चेंजचा, म्हणजे कूटचलनाच्या बाजारपेठेचा, असतो. वहीत रक्कम पोचलेली दिसते, पण एक्स्चेंजने ती त्याच्या खात्यावर जमा धरलेली नसते. देणारा खरे बोलत असतो आणि घेणाराही खरे बोलत असतो, आणि तरी दोघांच्या पत्रव्यवहारात चोर, ठक हे शब्द येऊन गेलेले असतात. कधी पत्त्याची पहिली आणि शेवटची चार अक्षरे जुळली एवढ्यावर विसंबून देणाऱ्याने पैसे धाडलेले असतात, आणि नेमकी तीच अक्षरे जुळतील असा पत्ता कोणा भामट्याने मुद्दाम घडवून त्याच्या व्यवहारांच्या यादीत आधीच सोडून दिलेला असतो. मधली अक्षरे एकेक करून ताडून पाहिल्याखेरीज हे उमगत नाही. माझे म्हणणे आहे ते येथेच: खुल्या वहीमुळे वाद आपोआप मिटत नाहीत, पण ‘मला पाहता आले नाही’ ही सबब मात्र ती हिरावून घेते. सुप्याच्या कुणब्याला वही पाहता येत नव्हती, म्हणून त्याचा संशय क्षम्य होता. ज्याला घटकाभर श्रम घेऊन नोंद पाहता येते आणि तरी जो न पाहता दुसऱ्याच्या अब्रूवर हात टाकतो, त्याच्या संशयाला ती क्षमा लागू होत नाही.

दोन माणसांच्या बाबतीत जे खरे, ते लक्षावधींचे धन सांभाळणाऱ्याच्या बाबतीत किती पटींनी खरे, याचे उदाहरण तोक्योतील माउंट गॉक्स या एक्स्चेंजने घालून दिले. एके काळी बिटकॉइनचे सर्वांत मोठे बाजारपीठ असलेल्या या कंपनीने फेब्रुवारी २०१४ मध्ये ग्राहकांचे बिटकॉइन परत देणे थांबवले, तेव्हा लंडनहून आलेला एक ग्राहक आपले पैसे कोठे आहेत असे विचारणारा फलक घेऊन शिबुया भागातील तिच्या कचेरीबाहेर थंडीत उभा राहिला. कंपनीची कैफियत अशी होती की दोष चलनाच्या रचनेत आहे: तिऱ्हाईत मनुष्य व्यवहाराच्या स्वाक्षरीचे बाह्य रूप किंचित बदलू शकतो, त्यामुळे देणारा, घेणारा आणि रक्कम तीच राहूनही ट्रान्झॅक्शन आयडी तेवढा पालटतो, जुन्या आयडीने शोधणाऱ्याला भरणा झालाच नाही असे वाटते, ग्राहक तक्रार करतो आणि त्याला दुसऱ्यांदा पैसे दिले जातात. ही वैगुण्याची गोष्ट खोटी नव्हती. २०१७ सालच्या सुधारणेनंतरच नव्या पद्धतीच्या व्यवहारांपुरती ती दूर झाली. परंतु २८ फेब्रुवारीला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा तिच्या हिशेबात सुमारे साडेआठ लाख बिटकॉइनांचा पत्ता नव्हता (त्यांतील दोन लाख पुढे एका जुन्या वॉलेटमध्ये सापडले), आणि एवढा खड्डा या एका वैगुण्याने पडेल काय, हा प्रश्न उरलाच होता.

त्याचे उत्तर देण्यास कोणत्याही न्यायालयाचा हुकूम लागला नाही. झुरिक येथील तंत्रविद्यापीठातील डेकर आणि वॉटनहोफर या दोघा संशोधकांनी वर्षभराहून अधिक काळ बिटकॉइनच्या जाळ्यावरील व्यवहार टिपून ठेवले होते. ते तपासून, भरणा थांबण्यापूर्वी अशा तऱ्हेचे हल्ले व्यापक प्रमाणात झालेच नव्हते, असे त्यांनी मार्च २०१४ मध्येच दाखवून दिले. पुढे तोक्योत राहणाऱ्या किम निल्सन या स्वीडिश संगणकतज्ज्ञाने, जो स्वतः त्या एक्स्चेंजचा ग्राहक होता, कंपनीच्या बाहेर फुटलेल्या खातेवहीतील नोंदी ब्लॉकचेनवरील, म्हणजे त्या खुल्या वहीतील, नोंदींशी एकेक करून ताडण्याचे काम हाती घेतले. त्या रुजुवातीतून निष्पन्न झाले ते असे की कंपनीच्या वॉलेटमधून बिटकॉइन २०११ पासूनच झिरपत होते, आणि ग्राहकांना शिल्लक म्हणून दाखवला जाणारा मोठा भाग कंपनी बुडण्याच्या कितीतरी आधी निघून गेलेला होता. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने दोघा रशियन नागरिकांविरुद्धचे जे आरोपपत्र खुले केले, त्यातही चोरीचा आरंभ सप्टेंबर २०११ च्या सुमाराचाच दिला असून चोरलेली रक्कम सुमारे ६,४७,००० बिटकॉइन सांगितली आहे.

मला व्याकूळ करते ती चोरीपेक्षाही चोरीच्या आरंभापासून कंपनी बुडेपर्यंतच्या अडीच वर्षांची शांतता. ज्या वहीवरून एका ग्राहकाने सवडीने हा हिशेब उलगडला, तीच वही कंपनीच्या चालकांसमोर रोज उघडी होती. आपल्या पत्त्यांवर किती आहे आणि ग्राहकांचे आपण किती देणे लागतो, या दोन आकड्यांचा रोजमेळ घालण्यासाठी त्यांना कोणाची परवानगी लागणार नव्हती. गावच्या पतपेढीचा कारकूनही संध्याकाळी तिजोरी बंद करण्यापूर्वी रोकड मोजतो. जून २०११ मध्ये तर याच कंपनीचे प्रमुख मार्क कार्पेलेस यांनी आपल्या हाती धन असल्याचे सिद्ध करण्यासाठी ४,२४,२४२ बिटकॉइन एका पत्त्यावरून दुसऱ्यावर सर्वांदेखत हलवून दाखवले होते; म्हणजे वही कशी बोलते हे त्यांना पुरते ठाऊक होते. मार्च २०१९ मध्ये तोक्योच्या जिल्हा न्यायालयाने त्यांना अपहाराच्या आरोपातून मुक्त केले, पण कंपनीच्या संगणकीय नोंदींत फेरफार केल्याबद्दल दोषी ठरवून स्थगित कारावासाची शिक्षा दिली. धनकोंना बिटकॉइन परत मिळू लागले ते जुलै २०२४ मध्ये. ज्याने दुसऱ्याचे धन स्वीकारले, त्याच्यावरील पहिले ऋण रोजच्या रोज पाहण्याचे असते, आणि ते चुकवणे ही माझ्या मते केवळ गलथानपणाची नव्हे तर विश्वासघाताची जात आहे.

तथापि या वहीवर तिच्या शक्तीबाहेरचा भार टाकणेही अन्यायाचे होईल. ती पत्ता सांगते, माणूस सांगत नाही. रक्कम सांगते, कारण सांगत नाही. तेच दोन शतांश मोबदला असतील, उसनवार असतील, किंवा धाक घालून उकळलेले असतील. पत्ता कोणाचा या प्रश्नालाही वहीजवळ एक आडवळणाचे उत्तर आहे: त्या पत्त्याची खासगी किल्ली ज्याच्याजवळ असेल त्याने तिने एखाद्या मजकुरावर स्वाक्षरी करावी, आणि ती कोणालाही पडताळता येते. आपण बिटकॉइनचे जनक सातोशी नाकामोतो आहोत असा दावा करणाऱ्या क्रेग राइट यांच्या मालकीचे म्हणून अमेरिकेतील एका खटल्यात पत्त्यांची जी यादी दाखल झाली होती, तिच्यातील १४५ पत्त्यांच्या किल्ल्यांनी मे २०२० मध्ये राइट हे लबाड आहेत अशा मजकुरावर स्वाक्षरी झाली, आणि मार्च २०२४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानेही ते नाकामोतो नाहीत असा निर्णय दिला. येथे किल्ली बोलली; पण ती धरणारा हात कोणाचा, हे आजही कोणी पाहिलेले नाही.

आपल्या जुन्या कायद्याने हे तारतम्य फार पूर्वी ओळखले होते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ३४ व्या कलमानुसार धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंद पुराव्यात ग्राह्य होती, परंतु केवळ तेवढ्यावरून कोणावर देणे लादता येत नव्हते. सोबत दुसरा पुरावा, साक्ष, करार, पत्रव्यवहार, काहीतरी लागे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही हे तत्त्व कायम ठेवले आहे, आणि ते ब्लॉकचेनच्या नोंदीसही लावावे असे मला वाटते. वही पाहून झाल्यावर उरलेला निवाडा माणसांच्या जबान्यांवरच व्हायचा आहे.

यात एक गोष्ट आपल्या घराजवळची आहे. २०१८ मध्ये पुण्यात नोंदवल्या गेलेल्या कूटचलन-फसवणुकीच्या गुन्ह्यांच्या तपासात पोलिसांनी तांत्रिक साहाय्यासाठी घेतलेल्या दोघा तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. जप्त वॉलेटांतील चलन परस्पर वळवल्याचा आणि शिल्लक दाखवणाऱ्या स्क्रीनशॉटांत फेरफार केल्याचा त्यांच्यावर आरोप आहे. तो खरा की खोटा, हे न्यायालय ठरवील. परंतु जेथे खुली वही हाताशी होती तेथे स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवलीच का जावी, हा प्रश्न न्यायालयाची वाट पाहत थांबणारा नाही. जप्तीच्या पंचनाम्यात वॉलेटचा पत्ता, जप्त चलन सरकारी वॉलेटमध्ये हलवल्याचा ट्रान्झॅक्शन आयडी आणि ब्लॉकचा क्रमांक पूर्ण लिहिला जावा, आणि पंचनाम्याची नक्कल प्रत्येक फिर्यादीस मिळावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. तो सारा मजकूर चार ओळींत मावतो, आणि निवृत्तीची पुंजी गमावून बसलेल्या एखाद्या शिक्षकाला मग आपली रक्कम जागेवर आहे की नाही हे पोलीस ठाण्यात हेलपाटे न घालता, कोणा तज्ज्ञाच्या भरवशावर न राहता, घरच्या मोबाइलवर हवे तेव्हा पाहता येईल.