विजयादशमीला शहरात जाताना



वर्षावास सरत आला की मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये एकच बोलणे सुरू होते. गाडी कोणाची ठरवायची, माणशी किती पडेल, म्हाताऱ्यांना न्यायचे की नाही? ज्यांना जमते ते नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. ज्यांना तेवढे लांब परवडत नाही ते छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादच्या, बुद्ध लेण्यांच्या पायथ्याशी जमतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. त्या दिवसाच्या स्मरणासाठी ही गर्दी होते. त्यात सुट्टीचा दिवस, कर्णपुऱ्याची यात्रा आणि दसऱ्याची बाजारपेठ यांची भर पडते. २०२५ साली तर विजयादशमी २ ऑक्टोबरलाच आली होती.

अशा दिवशी शहरात कसे जावे, हा प्रश्न किरकोळ वाटेल. धम्माच्या पाक्षिकात गाडी, पाणी आणि पायवाटेची चर्चा कशाला, असेही कोणी म्हणेल. माझे म्हणणे असे आहे की हा धम्माचाच प्रश्न आहे.

वर्षावास कशामुळे सुरू झाला ते आठवा. भिक्खू भर पावसाळ्यात फिरतात, हिरवी रोपे तुडवतात, लहानसहान जीव पायाखाली मारतात, अशी लोकांची तक्रार तथागतांच्या कानी आली. त्यांनी तक्रार करणाऱ्यांना अडाणी ठरवले नाही. भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहावे, असा नियम त्यांनी घालून दिला. आपल्या चालण्याने दुसऱ्याला काय होते, याचा विचार करूनच चालावे, हे त्यामागचे मर्म. विजयादशमी येते ती वर्षावास संपवणाऱ्या अश्विन पौर्णिमेच्या पाच दिवस आधी. म्हणजे ज्या दिवसांत आपण गाड्या भरभरून निघतो, तेच दिवस आपल्याला विचारपूर्वक प्रवासाची आठवण देत असतात.

आता आपल्याच जिल्ह्यातला एक प्रवास पाहू. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले. हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आडगावी अस्पृश्य प्रवाशाचे काय हाल होतात, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून मुक्कामाची ठिकाणे सोडून कोठेही आपली ओळख सांगायची नाही, असे आधीच ठरले. तरीही घात झालाच. रमजानचा महिना होता. दौलताबाद किल्ल्याच्या दाराबाहेर काठोकाठ भरलेला हौद होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही जणांनी तिथे हातपाय धुतले. पाणी बाटवले म्हणून एका वृद्ध मुसलमानाने आरडाओरड केली, जमाव जमला, शिव्यांचा वर्षाव झाला. शिवाशिवीचा रोग एकाच धर्माच्या कुंपणात राहत नाही, हे बाबासाहेबांनी तेथे अनुभवले. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती पाण्याला कोठेही हात लावायचा नाही या अटीवर, आणि बरोबर हत्यारी शिपाई देऊन. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले. ते लिखाण पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिका म्हणून छापले.

वाचकहो, विलायतेत शिकून आलेल्या त्या महापुरुषाला आपल्या या मुलखात फिरताना पाण्याचा आणि ओळखीचा हिशेब करावा लागला. आज आपण निळे झेंडे लावून, जयभीमचा जयघोष करीत त्याच रस्त्याने येतो. आपल्याला हिशेब करावा लागतो तो फक्त गर्दीचा. एवढाच हिशेब उरला, ही कमाई कोणाची? आणि तोही आपल्याला जमू नये काय?

मला तो जमला नव्हता. ही माझी चूक आहे आणि ती सांगण्यासाठीच आज लेखणी हाती घेतली.

माझे गाव जालना जिल्ह्यात. मी शाळेत शिक्षक. आमच्या घरात विद्यापीठाची पायरी चढणारा पहिला मीच. तीन वर्षांपूर्वी विजयादशमीला मी आईला आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन वस्तीतल्या लोकांबरोबर निघालो. निघायलाच दहा वाजले. शहरात वाहतूक वळवलेली होती, गाडी फार अलीकडेच थांबली. पुढे सगळे पायी. मी मुलीचा हात धरून भराभर चाललो होतो. आई गुडघ्याने अधू, ती मागे राहिली. मागे वळून पाहिले तेव्हा पांढऱ्या साड्यांचा नुसता समुद्र दिसत होता. आई दिसेना. तिच्याजवळ फोन नव्हता, माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी नव्हती. चुकामूक झाली तर कोठे भेटायचे, हेही मी ठरवले नव्हते. शाळेची सहल निघते तेव्हा चाळीस पोरांची यादी दहा वेळा मोजणारा मी शिक्षक, स्वतःच्या आईला मोजायला विसरलो होतो.

साडेतीन तासांनी ती सापडली, विद्यापीठाच्या गेटजवळ. अक्षरओळख नसलेली माझी आई विचारत विचारत तिथवर गेली होती. मी म्हटले, "आई, इथंच का आलीस?" ती म्हणाली, "तुझ्या फोटोतलं गेट आहे ना हे? म्हटलं, पोरगं इथंच येईल." माझ्या पदवीदान समारंभाच्या दिवशी त्या गेटपुढे काढलेला फोटो आमच्या भिंतीवर आहे. ज्या नावासाठी १९७८ पासून आपल्या माणसांची घरे जळाली, जीव गेले, ते नाव १४ जानेवारी १९९४ रोजी या विद्यापीठाला मिळाले आणि माझ्या पदवीपत्रावर आले. माझ्या न शिकलेल्या आईने त्याच नावाच्या आधाराने स्वतःला सावरले. मी शिकलेला मात्र गर्दीत सैरावैरा धावत होतो.

तिच्याजवळ अनोळखी मुली बसल्या होत्या. त्यांनी तिला पाणी दिले होते, पुरीभाजी खाऊ घातली होती. जात कोणी विचारली नव्हती. १९३४ सालच्या त्या हौदाची मला तेव्हा आठवण झाली आणि मान खाली गेली. पाणी पाजणारे हात आपण तयार केले. पण आपल्या म्हाताऱ्यांना जपून नेण्याची शिस्त अजून अंगी आणलेली नाही.

त्या दिवशी आईचे लेणी पाहणे राहिले. पुढच्या वर्षी आम्ही आदल्या दिवशीच आलो, नातेवाइकांकडे उतरलो आणि दिवस उजाडताच लेण्यांकडे निघालो. थांबत थांबत आई पायऱ्या चढली. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराचे मोठे शिल्प आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना प्रवाशांवर येणारी आठ संकटे कोरली आहेत: आग, तलवार, बेड्या, फुटणारे गलबत, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू. दीड हजार वर्षांपूर्वीचा वाटसरू घर सोडताना कशाकशाला भीत होता, हे त्यात दिसते. आईने विचारले, "हे सगळ्यांना वाचवतात का?" मी म्हणालो, "आई, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. वाचवायला वरून कोणी येणार नाही. ज्यानं त्यानं आपला दिवा व्हायचं आणि शेजारच्यालाही उजेड द्यायचा." ती हसली. "मग मागल्या साली तुझा दिवा कुठं होता?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

म्हणून बंधू-भगिनींनो, यंदा निघण्यापूर्वी वस्तीतल्या विहारात एक बैठक घ्या. सोहळ्याचा दिवस आणि पाहण्याचा दिवस वेगळे ठेवा. विजयादशमीला वंदना आणि प्रवचन ऐका; लेणी निवांतपणे आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी पाहा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. सुट्टी कोणत्या वाराला आली आहे, ते आधी पाहा. शंभर किलोमीटर जाऊन बंद दारापुढे मुलांना उभे करू नका. मुलांना नागसेनवन दाखवा. १९५० साली बाबासाहेबांनी सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय दाखवा. ते नाव प्रश्न विचारणाऱ्या राजाचे आहे, हेही सांगा.

पहाटे निघा. प्रत्येक म्हाताऱ्याच्या आणि लेकराच्या खिशात नाव, गाव व दोन फोन नंबरांची चिठ्ठी ठेवा. गर्दीत फोन लागत नाहीत. हरवल्यास भेटण्याची खूण सर्वांना तोंडपाठ करवून घ्या. सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलाने सगळ्यांनी चाला. कर्ज काढून येऊ नका. धम्म सावकाराच्या दारातून जात नाही. गाडीत दारूचा थेंब नको, ते पाचवे शील आहे. पत्रावळ्या आणि बाटल्या परत गोळा करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्या उचलणारा झाडूवाला बहुधा आपलाच भाऊ असतो. आणि परतताना एखादे पुस्तक घेतल्याशिवाय येऊ नका.

तथागतांनी अखेरच्या क्षणी भिक्खूंना जे सांगितले ते अप्रमादाचे, म्हणजे गाफील न राहण्याचे. अप्रमाद ध्यानाला बसल्यावर जसा लागतो तसा आईचा हात धरून रस्ता ओलांडतानाही लागतो. लाखोंच्या गर्दीत एकही म्हातारी मागे राहिली नाही, एकही लेकरू रडले नाही, तर त्या दिवशी धम्मचक्र खरोखर फिरले असे मी मानीन.

यंदा आईचे गुडघे अधिक दुखतात. ती लेण्यांवर चढणार नाही. गेटजवळ बसेन म्हणते, येणाऱ्यांना पाणी देईन म्हणते. तुम्ही त्या वाटेने आलात तर तिच्या हातचे पाणी घ्या.

जयभीम. नमो बुद्धाय.