चिन्ह आपले, फिरणे निसर्गाचे

फिरणाऱ्या चाकाचे गणित शिकवताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशा धन मानतात आणि काट्यांची दिशा ऋण. ही वाटणी निसर्गाने केलेली नाही. उत्तर ध्रुवाच्या वरून पाहिले तर पृथ्वी काट्यांच्या उलट फिरते. दक्षिण ध्रुवाच्या बाजूने पाहिले तर तीच काट्यांप्रमाणे फिरते. मग माणसाने ठरवलेल्या चिन्हांवर उभे असलेले ज्ञान खरे कसे मानायचे? माझे उत्तर असे: संकेत घेतल्याशिवाय सत्य सांगताच येत नाही, आणि संकेत बदलूनही जे टिकते तेच सत्य म्हणून ओळखावे.

कप्पीवरून दोरी टाकून उजवीकडे जड आणि डावीकडे हलके वजन टांगले आहे असे समजा. काट्यांची दिशा धन धरली, तर उजव्या वजनाचे खाली येणे आणि डाव्याचे वर जाणे हेही धन धरावे लागते. उलट निवड केली की तिन्ही चिन्हे एकदम पालटतात, त्वरणाचे चिन्हही पालटते. तरी खाली येते ते जड वजनच. टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, ऋण असला की तो वेग कमी करतो असे पुष्कळ विद्यार्थी धरून चालतात. पण ऋण दिशेने फिरणाऱ्या चाकाचा वेग ऋण टॉर्क वाढवतो. टॉर्क आणि कोनीय वेग यांची चिन्हे जुळतात की नाही, एवढेच निर्णायक असते. दोन्ही चिन्हे उलटवा, त्यांचा गुणाकार, म्हणजे चाकाला मिळणारी शक्ती, बदलत नाही.

यावर कुणी म्हणेल, निवड मनमानी असेल तर निष्कर्षही मनमानीच. तसे होत नाही, कारण निवडीचे स्वातंत्र्य पहिल्या ओळीपुरतेच असते. कप्पीसाठी एक दिशा आणि वजनासाठी तिच्याशी विसंगत दिशा घेतली, तर उत्तर चुकते आणि ती चूक प्रयोगात उघडी पडते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: निसर्ग स्वतःच डावे-उजवे जाणतो. भौतिकशास्त्रज्ञ चिएन-शिउंग वू यांच्या 1957 साली जाहीर झालेल्या प्रयोगात अतिथंड कोबाल्ट-60च्या अणुकेंद्रांतून इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंना सारखे निघाले नाहीत. केंद्राच्या फिरकीच्या बाणाविरुद्ध ते अधिक निघाले. हा भेद खराच आहे. पण तो बाण आपण उजव्या हाताच्या नियमाने काढलेला असतो. नियम डाव्या हाताचा घेतला असता, तर इलेक्ट्रॉन बाणाच्या दिशेने अधिक निघतात असे लिहावे लागले असते. वाक्य बदलले असते, इलेक्ट्रॉनांची वाट नाही.

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेच्या चोविसाव्या प्रकरणात म्हटले आहे की व्यवहाराचा, म्हणजे रूढ संकेतांचा, आश्रय घेतल्यावाचून परमार्थ, म्हणजे अंतिम सत्य, शिकवता येत नाही. त्याचा परमार्थ म्हणजे भौतिकशास्त्राचा नियम नव्हे. तरीही त्याच्या सांगण्यातला विवेक इथे लागू पडतो. संकेतालाच सत्य मानणारा आपल्या चिन्हासाठी भांडत बसतो, आणि संकेताला खोटे मानणारा बोलण्याचे साधनच गमावतो. म्हणून आपला संकेत आधी उघड सांगावा, तो शेवटपर्यंत पाळावा, आणि दुसऱ्याने वेगळा संकेत घेतला असेल तर त्याला चूक ठरवण्यापूर्वी त्याच्या चिन्हांत आपले उत्तर मांडून पाहावे. दोन्ही उत्तरे एकाच घटनेकडे नेत असतील, तर तो मतभेद सत्याविषयीचा नसतो.