फुलराणीचा फेरा

पुणे महानगरपालिका 1950 मध्ये स्थापन झाली. रस्ते, पाणी, सांडपाणी यांतून डोके वर काढायला सवड मिळू नये, अशी ती वर्षे. तरीही 8 एप्रिल 1956 रोजी पालिकेने पेशवे पार्कात मुलांसाठी फुलराणी ही छोटी आगगाडी सुरू केली आणि उद्घाटनाचा मान एका शाळकरी मुलीला दिला. तिकडे अमेरिकेत डिस्नेलँडची आगगाडी धावू लागून वर्षही झाले नव्हते. ती मात्र कंपनीची होती. मुलांची मौज हे नगरपित्यांचेही काम आहे असे आपल्याकडे कुणालातरी वाटले, याचे मला अजून अप्रूप आहे.

आमच्या लहानपणी फुलराणीत बसायचे ते प्राणी बघायला, असा घरच्यांचा समज होता. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांनीही शिकारखाना ठेवला होता, म्हणजे जनावरांशी या जागेची ओळख जुनीच. पिंजरे दिसण्याआधी त्यांचा वास यायचा. वाघ बहुधा झोपलेला असे आणि शिट्टीला तो काडीची किंमत देत नसे. बोगद्यात शिरताच सगळ्यांनी ओरडायचे, हे मात्र कुणी शिकवावे लागले नाही.

1999 मध्ये कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झाले आणि पुढे पार्कातले प्राणी तिकडे गेले. त्या अरुंद पिंजऱ्यांतून ते सुटले, हे बरेच झाले. पार्काचे ऊर्जा उद्यान झाले. आता बघायला काय उरले, असा हिशेब मोठ्यांनी केला असता तर गाडीही बंद व्हायची. मुलांनी तो केला नाही. नातवाला घेऊन गेलो, तर तो आजूबाजूला बघतच नव्हता. त्याची नजर इंजिनावर खिळलेली. शेजारी गुडघे हनुवटीला टेकवून बसलेले एक गृहस्थ मुलाच्या नावाखाली स्वतःची हौस भागवत होते. (मीही फार वेगळा नव्हतो.)

अशा गाड्या आठवणींवर चालत नाहीत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली वनराणी लाडकी नव्हती असे कोण म्हणेल? मे 2021 मधल्या तौक्ते वादळात रुळांचे नुकसान झाले आणि ती थांबली. म्हणून फुलराणीच्या वाढदिवसाचे लेख वर्तमानपत्रांत आले, की मी ते वाचतो खरा. पण पालिकेच्या अंदाजपत्रकाची बातमी आली, की तिच्या देखभालीला यंदा काही ठेवले आहे का, ते आधी शोधतो.