गाडीच्या मुठी
माझ्या जुन्या सीडी हंड्रेडच्या मुठी झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. नव्या आणल्या, पण डावी काही केल्या चढेना. मी ऑइलचा डबा उचलला. मिस्त्री म्हणाला, "काका, ऑइल नको. ते आतच राहतं, मूठ हातात फिरते, वळणावर दगा देते. पेट्रोल लावा. मूठ सरकते अन् ते उडून जातं."

मला धाकटा भाऊ आठवला. त्याच्या विहिरीला मी पैसे दिले, ते खरं. पण दर पोळ्याला चारचौघांत बोलूनही दाखवलं. त्यानं येणं सोडलं. मदत करून बाजूला व्हायचं असतं. मी ऑइलासारखा आतच राहिलो.

मुठी आता घट्ट बसल्यात. भावाच्या वस्तीवर निघालोय. विहिरीचं नाव काढायचं नाही.