घर सोडताना

श्रीवर्धन तालुक्यातील किनाऱ्यावरचे घर सोडून पुण्यास राहायला जाण्याचा निर्णय आम्ही या चैत्रात घेतला. पत्नीला आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस घ्यावे लागते. म्हसळ्यावरून माणगाव गाठायचे, चार तास यंत्राला जोडून पडून राहायचे आणि वळणावळणाच्या त्याच रस्त्याने अंधार पडताना परतायचे, हा क्रम आणखी एक पावसाळा तिच्या शरीराला झेपणारा नव्हता. कारण इतके स्पष्ट असूनही निर्णयाला विलंब झाला. तो का झाला, याचा विचार मला आवश्यक वाटतो.

समुद्राकाठी घर राखणे हे बारमाही काम आहे. खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या गंजतात, जांभ्याच्या भिंतींत ओल शिरते. मृगापूर्वी कौले चाळावी लागतात, पडवीला झापांच्या झडी बांधाव्या लागतात. एखादे वर्ष हे राहून गेले, तर वासे कुजू लागतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा आमच्या वाडीतल्या बहुतेक पोफळी मध्येच मोडून पडल्या. पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षे लागतात. हे पुरते ठाऊक असूनही साठी उलटलेल्या माणसांनी इथे गावोगाव नवी रोपे लावली, आम्हीही लावली. त्यांतल्या काहींना आता कुठे सुपारी धरू लागली आहे. ती टाकून निघणे मला व्रतभंगासारखे वाटत होते.

परंतु वाडीला पाणी हवे असते. ते कोणाच्या हातचे आहे, हे तिच्या लेखी सारखेच. शेजारचा तरुण ते माझ्याहून अधिक नेमाने देईल. आजारी माणसाच्या उशाशी बसणे मात्र दुसऱ्यावर सोपवता येत नाही. काही कर्तव्ये हस्तांतरित होतात, काही होत नाहीत, आणि हा विवेक वेळेवर करणे हेही कर्तव्यच आहे. पत्नीने ‘निघू या’ असे एकदाही म्हटले नाही. तिचे हे मौन मला संमतीसारखे भासत राहिले. वास्तूवरची आपली निष्ठा पुष्कळदा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या सहनशक्तीवर उभी असते, आणि सहन करणारा बोलत नाही म्हणून ती आपल्याला उदात्त वाटते.

घराला आम्ही कुलूप लावणार नाही. वाडी शिंपणारा तो शेजारचा तरुण आपल्या पत्नीसह तिथे राहायला येईल; भाडे नाही, सुपारीचे उत्पन्न निम्मे त्यांचे. कोकणात गावोगाव आज कुलूपबंद घरे आहेत, आणि चूल पेटत नाही ते घर काही पावसाळ्यांतच खचते. आपलेही असे घर किनाऱ्यावर असेल, तर येत्या मृगापूर्वी त्यात राहणारे कोणी शोधावे, एवढी विनंती.