सहाशे पावलं

पुण्यात तुळशीबागेच्या थोडं अलीकडे, लक्ष्मी रस्त्याला मिळणाऱ्या एका बोळाच्या तोंडाशी अण्णांचं कापडाचं दुकान होतं. परकराचं कापड, अस्तर, ब्लाउजपीस, फॉल, नाड्या असा माल. वडिलांपासून चालत आलेला धंदा. दुकानाला रस्त्याच्या अंगाने एक दगडी ओटा होता. दीड फूट उंच आणि चार माणसं दाटीवाटीने बसतील एवढा लांब.

रोज सकाळी दुकानात झाडलोट चालू असताना माई त्या ओट्यावर येऊन टेकायच्या. वय शहात्तर, घर सदाशिव पेठेत. बाजीराव रस्ता ओलांडून, तुळशीबागेवरून मंडईत जायचं, भाजी घ्यायची आणि आल्या वाटेने परतायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. बसल्यावर पाचेक मिनिटं कुणाशी बोलत नसत. उजव्या गुडघ्यावरून तळहात फिरवत राहायच्या. दुकानातला पोरगा पाण्याचा पेला आणून द्यायचा. पाणी पिऊन झालं की पेल्याची कड पदराने पुसून परत करायच्या आणि उठायच्या. अण्णांकडून त्यांनी कधी फारशी खरेदी केली नव्हती. वर्षातून एखादं अस्तर, फार तर एक फॉल.

ओट्यावर संध्याकाळी दुसरीच माणसं असत. मोटारसायकली लावून पोरं बसायची, मावा खायची, थुंकायची. एकदा शटरला पिचकाऱ्या मारलेल्या निघाल्या आणि उघडताना आतल्या पांढऱ्या अस्तराच्या ताग्याला डाग लागला. अण्णांचा राग खोटा नव्हता. त्यांनी वेल्डरला बोलावलं आणि ओटाभर टोकदार खिळ्यांची लोखंडी पट्टी ठोकून घेतली. पोरं बसायची थांबली. शेजारच्या दुकानदारांनीही तशाच पट्ट्या करून घेतल्या.

दोन-तीन महिने गेले. एक दिवस पोरगा म्हणाला, "अण्णा, माई येत नाहीत हल्ली."

"वय झालं असेल," अण्णा म्हणाले आणि मापाला लागले.

हे वाक्य आपण किती सहज वापरतो! म्हाताऱ्या माणसाने बाहेर पडणं सोडलं की आपल्याकडे कारण तयार असतं. वय झालं, गुडघे गेले, हौस राहिली नाही. माणसात शोधलेलं कारण रस्त्यात असेल, अशी शंकासुद्धा आपल्याला येत नाही. माईंच्या घरातही सगळे हेच म्हणत होते. मुलाने भाजी फोनवरून मागवायची सोय करून दिली होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं म्हणून माई गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायच्या.

पुढे माईंची सून दुकानात आली. साडीला फॉल लावून हवा होता. तयार झालेली साडी पोचवायला पोरगा नव्हता, म्हणून दुकान बंद केल्यावर अण्णा स्वतःच गेले. माई गॅलरीत मेथी निवडत बसल्या होत्या.

"या अण्णा, बसा," म्हणाल्या आणि एक काडी त्यांच्यापुढे धरली. देठाशी पाने पिवळी पडली होती, मुळाजवळ चिकट झाली होती. "ही जुडी मी घेतली असती का, सांगा बरं? हातात धरली की कळतं. फोनला हात कुठे असतो?"

अण्णा म्हणाले, "मग मंडईत येणं का सोडलंत माई? पोरगा रोज विचारतो."

माईंनी जुडी खाली ठेवली. "घरापासून मारुतीच्या पारापर्यंत साडेपाचशे पावलं. तिथे टेकायचं. पारापासून तुमचा ओटा, पावणेसहाशे. तिथे टेकायचं. तिथून मंडई सहाशे. सहाशेच्या पुढे माझा गुडघा बोलायला लागतो. तुमचा ओटा होता तोवर मला मंडई होती."

अण्णांना एकदम काही सुचेना.

"पट्टी लावल्यावरही मी दोनदा आले," माई म्हणाल्या. "जाताना कशीबशी गेले. येताना पिशवीत तीन-चार किलो भाजी. तुमच्या दारासमोर विजेच्या खांबाला धरून उभी राहिले. तुम्ही गिऱ्हाइकात होतात. ऊन होतं. मग रिक्षाला हात केला, तर एवढ्या जवळ कोण येतंय? तिसऱ्यांदा निघायचा धीर झाला नाही."

"मला सांगायचंत की हो!"

"काय सांगू? ओटा तुमचा. इतकी वर्षं बसू दिलंत हेच खूप. दुसऱ्याच्या दारात हक्क कसा सांगायचा?"

माईंचा नातू आर्किटेक्चर शिकत होता. आतून ऐकत होता तो बाहेर आला. "आजी, ओटा अण्णांचा आहे. पण फुटपाथ तुझा आहे," तो म्हणाला. "२०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, पादचाऱ्याला चांगला फुटपाथ मिळणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. अपंग माणसाला वापरता येईल असाच तो हवा."

माई हसल्या. "अकरा डिसेंबरला पादचारी दिन असतो ना, लक्ष्मी रस्त्यावर गाड्या बंद ठेवतात. मागे याच्याबरोबर गेले होते. रस्त्याच्या मधोमध चालले. लहानपणी चालायचे तशी. फार बरं वाटलं हो. पण भाजी रोज लागते."

त्या रात्री अण्णा घरी गेले नाहीत. दुकानात परतले, कापड मोजायचा लोखंडी मीटर घेतला आणि दिव्याच्या उजेडात स्वतःच्या दारासमोरचा फुटपाथ मोजायला बसले. नातवाने निघताना एका कागदावर आकडे लिहून दिले होते. भारतीय रस्ते काँग्रेसने २०१२ साली पादचाऱ्यांच्या सोयींसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातले. चालायला कमीत कमी १.८ मीटर रुंदी, तीही मोकळी, मध्ये काही न येणारी. बाजारपेठेत त्याहून जास्त. कडेची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको. उतार द्यायचा तर बारा हातांना एक हात चढ, त्याहून खडा नको.

ओट्यापासून कडेपर्यंत दोन मीटर दहा भरले. अण्णांना बरं वाटलं. मग त्यांनी मोकळी जागा मोजली. विजेचा खांब. त्याच्या बाजूला डीपीची पेटी. पलीकडे शेजारच्या साडीवाल्याचा पुतळा, रोज सकाळी बाहेर येतो आणि रात्री आत जातो, पण त्याची लोखंडी बैठक तिथेच असते. आणि या सगळ्यांच्या अलीकडे सिमेंटचा एक उतार, अण्णांची स्वतःची स्कूटर वर चढवायला त्यांनी करून घेतलेला. सगळ्यांत अरुंद जागी राहिले होते ६५ सेंटिमीटर. ब्लाउजपीसचा पन्हासुद्धा याहून मोठा असतो. चाकाची खुर्ची इथून जाणं शक्य नव्हतं. पिशवी घेतलेल्या माणसालाही आडवं व्हावं लागत होतं. बोळाच्या तोंडाशी फुटपाथ संपतो तिथली कड त्यांनी मोजली. तीस सेंटिमीटर. नेमाच्या दुप्पट. माई इथे खांबाला हात लावून उतरायच्या, हे त्यांनी कितीदा तरी पाहिलं होतं.

सिमेंटच्या उताराखाली पिवळ्या फरशांच्या कडा डोकावत होत्या. फुटपाथ नवा झाला तेव्हा बसवलेल्या. उभ्या रेघांच्या आणि मध्ये मध्ये ठिपक्यांच्या. अण्णांना ती शोभेची नक्षी वाटली होती. आता कागदाच्या खालच्या ओळी त्यांनी वाचल्या. या फरशा १९६५ साली जपानमधल्या सेइची मियाके यांनी शोधल्या आणि १९६७ च्या मार्चमध्ये ओकायामा शहरात अंधांच्या शाळेजवळ पहिल्यांदा बसवल्या. रेघा म्हणजे चला, ठिपके म्हणजे थांबा. न दिसणारा माणूस त्या तळपायाने आणि काठीने वाचतो. अण्णांच्या उताराखाली अशा आठ फरशा गेल्या होत्या. त्यांच्या दारापर्यंत येऊन कुणाचं तरी वाक्य अर्धवट तुटत होतं.

रस्त्याच्या बाबतीत आपण टक्केवारीचा हिशेब करतो. एवढे किलोमीटर फुटपाथ झाला, तेवढा बाकी. कापडाच्या दुकानात बसणाऱ्याला हा हिशेब पटणार नाही. साडेपाच मीटरची साडी मधोमध कापली तर साडी राहत नाही. दोन तुकडे होतात, आणि ते कितीही चांगले असले तरी नेसता येत नाहीत. माईंची वाट घरापासून मंडईपर्यंत सव्वासतराशे पावलांची. त्यात दीड फूट उंचीचा एक ओटा काढून घेतला आणि सगळी मंडई गेली. काढून घेणाऱ्याला कळलंही नाही.

सकाळी अण्णांनी त्याच वेल्डरला बोलावलं. ग्राइंडरने पट्टी कापताना ठिणग्या बोळात उडाल्या आणि शेजारचा साडीवाला बाहेर आला.

"अण्णा, पोरं परत बसतील."

"बसतील. एक बादली पाणी जास्त लागेल. ते मी टाकीन."

"आणि तो उतार का फोडताय?"

"स्कूटर मंडईच्या वाहनतळावर लावणार आहे. तुझा पुतळा आत घेशील का?"

"गिऱ्हाइकाला माल दिसायला नको?"

अण्णांनी त्याच्या हातात मीटर दिला. "तू मोज. मी काही बोलत नाही."

साडीवाल्याने मोजलं, नाही मोजलं असं केलं. पुतळा त्या दिवशी बाहेरच राहिला. दुसऱ्या आठवड्यात त्याची आई गावाहून आली, ती दारात येऊन पुतळ्याला वळसा घालताना कडेवरून खाली उतरली आणि एका टेम्पोने जोरात हॉर्न दिला. पुतळा दाराच्या आत, काचेमागे उभा राहिला, तो अजून तिथेच आहे. तिथे त्याच्यावर ऊन पडत नाही, साडीचा रंग उडत नाही, असं आता तोच सांगतो.

बोळाच्या तोंडाशी असलेली कड अण्णांच्या हातातली नव्हती. त्यांनी अर्ज लिहिला. त्यात भावना काही लिहिल्या नाहीत, मापं लिहिली. प्रत्यक्ष कड किती, नेमाप्रमाणे किती. रुंदी किती, नेमाप्रमाणे किती. पिवळ्या फरशा कुठे सुरू होतात, कुठे तुटतात. खाली बोळातल्या अकरा दुकानदारांच्या सह्या. तो अर्ज त्यांनी तीन वेळा नेऊन दिला. चौथ्या वेळेला एक तरुण इंजिनिअर आला, त्याने स्वतःचा टेप लावला आणि आकडे जुळले तेव्हा तो म्हणाला, "काका, लोक येतात ते तक्रार घेऊन येतात. माप घेऊन कुणी येत नाही." कड उतरायला तरीही पावसाळा मध्ये गेला.

पट्टी काढली म्हणून माई आपोआप आल्या नाहीत. त्यांना कसं कळणार? गेलेली वाट माणूस पुन्हा पुन्हा तपासत बसत नाही. ती नसल्याची सवय करून घेतो. म्हणून अण्णा स्वतः सदाशिव पेठेत गेले आणि म्हणाले, "चला माई."

"आत्ता?"

"आत्ता. मी बरोबर आहे."

मोठ्याने पावलं मोजत माई निघाल्या. पाराशी टेकल्या. बाजीराव रस्त्यावर दिवा हिरवा होऊन माणसं धावायला लागली तेव्हा अण्णांच्या लक्षात आलं की माईंना अर्ध्यात पोचेपर्यंतच दिवा बदलतो. गाड्या अंगावर आल्या. अण्णांनी हात आडवा करून त्या थांबवल्या. दिव्याचे सेकंदही त्यांनी नंतर अर्जात लिहिले.

त्या दिवशी मंडईच्या आठ कोनी मनोऱ्याखाली माईंनी तासभर घालवला. ही इमारत १८८६ साली उघडली. तिच्यावर एवढा पैसा ओतण्यापेक्षा तो शिक्षणावर घाला, असं म्हणणाऱ्या जोतीराव फुल्यांचंच नाव पुढे तिला मिळालं. याच जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरातला पाण्याचा हौद, गावाने ज्यांना पाणी नाकारलं होतं त्यांच्यासाठी खुला केला होता. अण्णांनी ते नाव दरवाज्यावर हजारदा वाचलं होतं. माई मेथीच्या जुड्या एकेक उचलून देठाशी दाबून पाहत होत्या, आणि अण्णा पिशवी धरून त्या नावाकडे बघत उभे होते.

आता माई रोज येतात. थुंकणारी पोरंही परत आली, साडीवाल्याचं बरोबर होतं. अण्णांनी ओट्यावर मोठा दिवा लावला, दोघांना नावानिशी ओळखायला लागले, तसं थुंकणं कमी झालं. अगदी थांबलं नाही. सकाळी पोरगा ओट्यावर बादली ओततो.

परवा माई परतताना टेकल्या होत्या. पोऱ्याने पाणी आणलं. तेवढ्यात मंडईकडून एक हमाल आला, डोक्यावर कांद्याचं पोतं. पोतं त्याने भिंतीला टेकवून उतरवलं आणि ओट्याकडे पाहत नुसताच उभा राहिला, बसावं की नाही अशा बेताने. माईंनी शेजारी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाजूला सरकल्या.