बदलीची शेगडी

तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माणसाला नवी वस्तू घ्यायची वेळ फारशी येत नाही. दरवर्षी मे-जूनमध्ये कुणा ना कुणा साहेबांची बदली होते आणि त्यांच्या घरातलं सामान गावात मुरतं. आमच्या उमरीचं नाव बाहेरच्यांना माहीत असलंच तर ते १९४८ च्या जानेवारीत, हैदराबाद मुक्तिसंग्रामात, इथली बँक लुटली गेली म्हणून. पण घराघरांतून हिंडलात तर कपाटं, कूलर आणि पाळणे यांचा एक वेगळाच इतिहास ऐकायला मिळेल. बाळ तिसऱ्या साहेबांच्या पाळण्यात झोपलेलं असतं आणि त्याची आई पाचव्या साहेबांच्या मिक्सरमध्ये चटणी वाटत असते.

या व्यवहाराची भाषाही स्वतंत्र आहे. ‘चालू आहे’ म्हणजे अजून बंद पडलेली नाही, एवढंच. ‘किरकोळ काम आहे’ म्हणजे ते साहेबांच्याने झालेलं नाही. आणि ‘आम्हाला कधी त्रास झाला नाही’ हे तर शंभर टक्के खरं असतं, कारण कुटुंब लातूरला आणि साहेब खानावळीत जेवत. यातलं एकही वाक्य खोटं नाही, ही खरी मौज. अश्वत्थाम्याच्या बाबतीत धर्मराजाने अर्धंच वाक्य मोठ्याने उच्चारलं, तर त्याचा चार बोटं वरून चालणारा रथ जमिनीला टेकला. साहेबांचा टेम्पो मात्र खड्डे चुकवत नव्या गावी सुखरूप पोचतो.

आमच्याकडे आली ती अशीच एक शेगडी. तीन बर्नरची, बटण फिरवताच आपोआप पेटणारी. म्हणजे तसं सांगण्यात आलं होतं. बटण फिरवलं की ती ‘टक्’ म्हणायची आणि गप्प बसायची. एका बर्नरची ज्योत निळी, एकीची पिवळी, आणि पिवळीवर ठेवलेल्या पातेल्याचं बूड लग्नातल्या गालबोटासारखं काळं. तरी तिने आमच्या घरी सात वर्षं इमानाने पोळ्या भाजल्या. मग मुलीने पुण्याहून काचेची शेगडी पाठवली आणि प्रश्न उभा राहिला, की आता हिचं काय करायचं?

“मावशींना देऊन टाका. खूश होतील,” शेजारचे काका म्हणाले. मध्यमवर्गाच्या घरात अडगळ आणि औदार्य एकाच माळ्यावर ठेवलेली असतात. दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही एकदमच खाली येतात. वर ‘धर्माची गाय आणि दात का नाय’ ही म्हण आपण तयार ठेवलेलीच असते. म्हणजे घेणाऱ्याने तोंड उघडायची सोय नाही.

कठोपनिषदातल्या नचिकेत्याला नेमकी हीच म्हण मान्य नव्हती. बाप यज्ञात गाई दान करत होता. कसल्या गाई? शेवटचं पाणी प्यालेल्या, शेवटचं गवत खाल्लेल्या, दूध आटलेल्या. पोराला ते बघवेना. ‘मला कुणाला देणार?’ असं विचारून विचारून त्याने बापाला भंडावलं, आणि संतापलेल्या बापाने त्याला यमाला देऊन टाकलं. पुढचं सगळं आत्मज्ञान या म्हाताऱ्या गाईंपासून सुरू झालं. पण त्या गाईंच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या भाकड आहेत हे कुणालाही लांबून दिसत होतं. आणि भाकड गाय फार तर दूध देणार नाही, रात्री झोपेत घरादाराचा जीव घेणार नाही.

म्हणून शेगडी आधी चाचांकडे नेली. स्टेशनच्या रस्त्याला एका पत्र्याखाली त्यांचं दुकान. १८९२ साली स्वीडनमध्ये निघालेला प्रायमस स्टोव्ह त्यांच्या वडिलांनी पिन, वायसर आणि काकडा घालून जन्मभर जगवला. चाचा गॅसवर आले.

पिवळ्या ज्योतीचं निदान त्यांनी बघताक्षणी केलं. “सर, जेटमधी कुणीतरी सुई घातलीय.” गॅस ज्यातून येतो ते भोक केसासारखं बारीक असतं. कचरा काढायला जाड सुई घातली की ते मोठं होतं, गॅस जास्त येतो, हवा पुरत नाही आणि ज्योत पिवळी होऊन भांडी काळी करते. जेट बदलला, बर्नर सोड्याच्या पाण्यात उकळून ब्रशने घासले. ज्योत निळी झाली.

आपोआप पेटण्याचं प्रकरण मात्र अडलं. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे १८८० साली पिएर क्युरी आणि त्याचा भाऊ जाक यांनी दाखवलं. बटणामागची छोटी हातोडी अशाच एका स्फटिकावर आपटते आणि हजारो व्होल्टची ठिणगी बर्नरशेजारच्या चिनीमातीच्या कांडीतून उडते. आमच्या कांड्यांवर सात वर्षांचं उतू गेलेलं दूध होतं आणि दोन तडकलेल्या होत्या. तडकली की ठिणगी मधेच पत्र्यावर उडते आणि नुसता आवाज राहतो. तसल्या कांड्या आता मिळत नाहीत. ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी केंद्र सरकारने २०२२ साली समिती नेमली, हे मी चाचांना अभिमानाने सांगितलं. “हक्क आलाय, बरं झालं,” ते म्हणाले, “पार्ट कवा येतोय?”

मग त्यांनी साबणाचा फेस कॉकवर लावला. मधल्या कॉकवर एक लहानसा बुडबुडा आला. फुगला, फुटला, दुसरा आला. उष्णतेने आतलं ग्रीस वाळून कॉक ढिला झाला होता. चाचा कितीतरी वेळ त्या बुडबुड्याकडे बघत राहिले.

मलाही त्या बुडबुड्याने विचारात पाडलं. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंधी मिसळतात. आपला दोष आपणच बोंबलून सांगावा अशी सोय माणसाने गॅसमध्ये केली. ती साहेबांमध्ये, शेजाऱ्यांमध्ये आणि ‘देऊन टाका’ म्हणणाऱ्यांमध्ये करायची राहून गेली. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत साचतो. आमच्या घरी सगळे पलंगावर झोपतात. मावशींच्या एका खोलीत चार माणसं खाली अंथरूण टाकतात. म्हणजे तोच बुडबुडा एका घरातून दुसऱ्या घरात गेला की मोठा होतो.

“ग्रीस लावून चालेल का?” मी विचारलं.

“तुमच्याकडं ऱ्हाणार आसंल तर सहा महिने चालंल,” चाचा म्हणाले. “कुणाला द्यायलाव?”

मावशींचं सांगितल्यावर त्यांनी पुढे काही न विचारता नवा कॉक काढला. शेगडीच्या किमतीच्या मानाने तो महागच होता. जुना कॉक मी सवयीने खिशात घालायला हात पुढे केला, तर त्यांनी तो दिला नाही. ऐरणीवर ठेवून हातोडीने त्याचे आटे चेपून टाकले आणि पितळेच्या डब्यात फेकला. “नायतर कुणीतरी बसवितोय,” एवढंच म्हणाले. चेपलेलं पितळ मोडीत वजनावरच जातं. चांगल्या दिसणाऱ्या जुन्या कॉकला चार पैसे जास्त आले असते. नळीवरची छापलेली तारीख वाचून त्यांनी तीही बदलायला लावली.

मावशींना शेगडी देताना मी सगळं सांगितलं: एकच बर्नर आपोआप पेटतो, बाकीच्यांना हा लायटर, मधला कॉक गळत होता, तो नवा आहे. ‘देताना इतकं कशाला सांगायचं, त्यांना वाटेल बिघडलेलीच दिली,’ असं आमच्या सौभाग्यवतींचं मत पडलं. मावशींना तसं काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी शेगडी उलटी करून पाहिली, तिन्ही बटणं फिरवली.

“आता गळत नाय ना सर?”

मी वाटीत साबण कालवून त्यांना ती परीक्षा दाखवायला लागलो. मावशींनी माझ्या हातातली वाटी घेतली.

“द्या हिकडं. तुमचा फेसच होईना.”